ओसरीत भजन सुरू, माजघरात मुकं

दारव्ह्याजवळच्या आमच्या घराच्या मातीच्या भिंती दीड हात जाड. ओसरी, माजघर आणि स्वयंपाकघर, तिन्हीकडे स्मार्ट स्पीकर. तिन्ही एकदम वाजावेत म्हणून स्पीकरच्या ॲपमध्ये त्यांचा ग्रुप केलेला. पहाटे माय म्हणते, "भजन लाव बाप्पा," आणि नेमका माजघरातला मुका राहतो.

पहिले ॲपमध्ये पाहा, तिन्ही स्पीकर एकाच वायफायवर आहेत का. आमच्याकडे घोळ इथंच होता. सिग्नल पोचावा म्हणून मी माजघरात जुना राउटर जोडला होता, अन् त्यानं आपलं वेगळंच नेटवर्क मांडलं. स्पीकरला इंटरनेट मिळत होतं, म्हणून एकटा छान वाजायचा, पण ग्रुपमध्ये दिसायचा नाही. जुन्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे वेगळं नेटवर्क न मांडता तो मुख्य राउटरचंच पुढं पोचवतो, तेव्हा जमलं. गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर, स्पीकर ठेवाल तरी हीच गत.

आवाज तुटत असेल तर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण जाड भिंतीपुढं लवकर दम टाकतो. राउटर लोखंडी कोठीमागे दडवू नका. आमचा तिथंच होता!

लाईन गेली-आली की स्पीकर राउटरच्या आधी जागे होतात अन् कधी कधी अडकून बसतात. अशा वेळी सगळ्यांचे प्लग काढा, आधी राउटर लावा, दोन-तीन मिनिटांनी स्पीकर. राउटर इन्व्हर्टरवर घेतलात तर ही कटकटच कमी.

एका खोलीत ओळ मागून ऐकू येत असेल तर तिथं ब्लूटूथचा डबा जोडलाय का बघा. ब्लूटूथ थोडं मागंच चालतं. काही ॲपमध्ये ग्रुपचा उशीर जुळवायची सेटिंग असते.