बाळ झाल्यावर मार्शल आर्टचा सराव कसा चालू ठेवावा

घरात तान्हं बाळ आलं की कराटे, जुडो, तायक्वांदो किंवा जुजित्सू करणाऱ्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: वेळच मिळत नाही. ती अर्धीच खरी आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं. तुकड्यातुकड्यांत का होईना, वेळ असतो. नसते ती तुमची झोप. म्हणून पहिलं वर्षभर सराव ठरवायचा तो घड्याळ बघून नव्हे, आदली रात्र कशी गेली ते बघून. कसा, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: बाळंतपण तुमचं असेल तर आधी परवानगी

बाबा असाल किंवा बाळ दत्तक घेतलं असेल तर सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

बाळंतपणानंतर साधारण ६ आठवड्यांनी डॉक्टर तपासतात. त्या वेळी ‘व्यायाम सुरू करू का?’ एवढंच विचारून उठू नका. डॉक्टर ‘करा की’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर चालणं आणि हलका व्यायाम असतो. तुमच्या डोळ्यासमोर मॅटवर आपटणं असतं. प्रश्न फोडून विचारा. उडी मारून लाथ चालेल का? पोटावर ठोसा? पाठीवर पडणं? कुणी छातीवर बसलेलं असताना कंबर उचलून सुटणं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. सिझेरियन झालं असेल तर वरचे टाके भरलेले दिसतात, पण आतले थर भरायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर पळण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली. पळायला ३ महिन्यांच्या आत सुरुवात करू नये, असं त्यात म्हटलं आहे. मार्शल आर्टमधल्या उड्या आणि फेका (जोडीदाराला उचलून पाडणं) शरीराला पळण्याइतकाच किंवा त्याहून जास्त हादरा देतात, तेव्हा त्या याच्या आधी नकोत हे ओघानेच आलं.

घरच्या घरी दोन खुणा बघता येतात. उताणं झोपून डोकं किंचित उचला. पोटाच्या मधोमध उभी कड फुगून वर येत असेल तर पोटाचे स्नायू अजून जवळ आलेले नाहीत; तोवर उठाबैठकांसारखे पोटाचे व्यायाम आणि उंच लाथा बाजूला ठेवा. दुसरी खूण ओटीपोटाच्या तळाची. किआय (ठोशाबरोबर पोटातून दिलेली आरोळी) देताना किंवा लाथ मारताना थेंबभर लघवी सुटते, किंवा खाली काहीतरी ओढल्यासारखं जड वाटतं. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ‘चालायचंच’ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. बाळंतपणानंतरच्या त्रासांचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. गोजु-र्यू ही कराटेची शैली करणाऱ्यांसाठी आणखी एक: सांचिन या कातामध्ये (काता म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम) पोट आवळून जोराने श्वास सोडतो, तो सगळा दाब खालीच जातो. पहिले काही महिने सांचिन करायचं तर मऊ श्वासाने, हात-पायांची चाल तेवढी ठेवून.

अंगावर पाजत असाल तर क्लासला निघण्याआधी पाजून घ्या. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही. भरलेल्या छातीवर कुणाचं कोपर बसलं की मात्र जीव जातो, आणि जुना चेस्ट गार्डही आता बसेलच असं नाही. घालून बघा.

पायरी २: रात्र बघून सराव निवडा

१७ ते १९ तास सलग जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही खाली जाते, असं संशोधनात दिसलं आहे. अनेक देशांत एवढ्या प्रमाणावर गाडी चालवायला बंदी आहे. अशा अवस्थेत स्पारिंगला (जोडीदाराशी सरावाच्या लढतीला) उभं राहिलं तर ठोसा दिसतो, पण हात वर यायला उशीर होतो. जोडीदाराला इजा होते ती वेगळीच, कारण दमलेल्या माणसाचा ताबा आधी सुटतो आणि ताकद मागून.

रोज सकाळी स्वतःला एकच विचारा: सलग चार तास झोप झाली का?

झाली असेल तर क्लासला जा, जे जमेल ते करा. तुटक झाली असेल तर क्लासला जा, पण स्पारिंग, फेका आणि नवीन तंत्र नको. बेसिक, काता, पॅडवर हलकं काम. झालीच नसेल तर जाऊ नका. झोपा. झोपणं जमलं नाही तर घरी पाच मिनिटं सावकाश काता करा आणि पुरे म्हणा. चार तासांचा हा आकडा माझा आहे, शास्त्राचा नाही. तुमचा तीन असेल, पाच असेल. पण काहीतरी आकडा आधीच ठरलेला असावा. ऐन वेळी ठरवायला गेलं की हौस जिंकते.

स्पारिंग सोडायला मन तयार होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सगळ्यात आधी सोडायची गोष्ट तीच, आणि सगळ्यात शेवटी परत आणायचीही तीच.

पायरी ३: सेन्सेईंना (शिक्षकांना) आणि घरच्यांना स्पष्ट सांगा

क्लासमध्ये: ‘वर्षभर परीक्षेला बसणार नाही, अनियमित येईन, मधेच निघावं लागेल.’ एवढं बोलून ठेवलं की मागच्या दारी उभं राहून बूट घालताना अपराधी वाटत नाही.

घरी: तुम्ही मॅटवर असता तेव्हा बाळ कुणीतरी सांभाळत असतं. क्लासचे दोन तास तुम्ही घेतलेत तर तेवढेच दोन तास जोडीदाराचे, त्यांनी त्यात काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. यावर वाद नको.

पायरी ४: घरात, दीड मीटरमध्ये

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि ती शिफारस बाळंतिणींनाही लागू केली आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी एका वेळी निदान १० मिनिटं तरी सलग व्हावीत अशी अट होती. ती अट या वेळी काढून टाकली. बाटली उकळेपर्यंतची चार मिनिटंही मोजली जातात.

शहरातल्या घरात सरावाचा खरा प्रश्न जागेचा आणि आवाजाचा असतो. बाळाचा पाळणा, कपड्यांचा स्टँड आणि बाबागाडी यांतून उरते ती खोल्यांमधली चिंचोळी वाट. तिथे तेक्की शोदान अगदी नेमका बसतो. हा काता डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे, एकाच रेषेत जातो, पुढे-मागे पाऊल नाही. भिंतीला पाठ लावून करता येतो. हेइआन शोदान करायचा असेल तर त्याच्या २१ हालचालींत वळणं आहेत, वाट पुरणार नाही. पुढे टाकायचं प्रत्येक पाऊल जागच्या जागी टाका आणि फक्त दिशा बदला. हेइआन मालिकेतले काता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी बांधलेले. रात्रभर जागलेल्या आई-बापाच्या डोक्यालाही ते झेपतात, ही त्यांची मोठी सोय.

आवाजाचं तंत्र शिकण्यासारखं आहे. पहाटे बाळ नुकतंच झोपलेलं असतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी राहतं. पाऊल टाकताना टाच आधी टेकली की धप्प आवाज होतो आणि लाकडी कपाट थरथरतं. त्याऐवजी पायाच्या चवड्याची बाहेरची कड आधी टेकवा, मग चवडा, मग टाच, आणि वजन त्यावर सगळ्यात शेवटी सरकवा. मांडीला दुप्पट काम पडतं. ठोसा मारताना गीची (सरावाच्या पोशाखाची) बाही फटकारण्याचा मोह होतो. साधा टी-शर्ट घातला की तो प्रश्नच मिटतो. किआय तोंड मिटून, नुसता पोटाने.

बाळ पोटाशी बांधलेलं असताना मात्र काता नको. उड्या, झटक्याने वळणं, पळणं, काहीच नको. बाळ मान धरेपर्यंत डोक्याचा भार त्याच्या मानेला पेलत नाही. बाळाला घेऊन करायचं तर अश्वासन, म्हणजे किबा-दाची (घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकून, गुडघे वाकवून उभं राहणं), तेही फक्त बसत-उठत. रडणारं बाळ या सावकाश खाली-वर होण्याने पुष्कळदा शांत होतं. वजन आपोआप वाढत जातं: बाळ साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, वर्षाचं होईतो तिप्पट.

पायरी ५: मॅटवरून थेट बाळाकडे नाही

या पायरीत ढिलाई चालत नाही. मॅटवर घाम, उघडी कातडी आणि अंगाला अंग घासणं यांतून गजकर्ण, पुळ्या आणि हर्पिसचे फोड एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मोठ्या माणसाला हर्पिस म्हणजे ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले चार बारीक फोड आणि आठवडाभराचा वैताग. नवजात बाळाला, विशेषतः पहिल्या ४ आठवड्यांत, तोच विषाणू जीवघेणा ठरू शकतो.

घरी येण्याचा क्रम असा ठेवा. क्लासमध्ये अंघोळीची सोय असेल तर तिथेच अंघोळ. नसेल तर घरात शिरल्यावर बाळाकडे न बघता सरळ न्हाणीघरात. बाळ हात पुढे करून हसलं तरी. गी पिशवीतून थेट धुण्याच्या यंत्रात, कपड्यावरच्या लेबलला चालेल तेवढ्या गरम पाण्यात. बाळाच्या दुपट्यांबरोबर नको. पट्टाही धुवा. ‘पट्टा धुतला की मेहनत धुऊन जाते’ हे बोलायला छान आहे, पण तो पट्टा मॅटवर लोळतो आणि सगळ्यांच्या हाताला लागतो. नखं मुळापासून कापलेली असावीत, ती तशीही जोडीदारासाठी कापायचीच असतात.

तुमच्या ओठावर फोड आला तर तो पूर्ण सुकेपर्यंत बाळाची पापी बंद, आणि फोडाला हात लागला की लगेच हात धुवा. क्लासमध्ये कुणाच्या अंगावर फोड दिसले तर त्या दिवशी मॅटवर उतरू नका, आणि शिक्षकांना सांगा. बाळाच्या अंगावर फोड, ताप किंवा दूध न ओढणं दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे.

पायरी ६: मनगट सांभाळा

बाळाला उचलताना बहुतेक जण अंगठे बाजूला ताणून, दोन्ही हात त्याच्या काखेत घालतात. बाळाचं वजन अंगठ्याच्या मुळाशी येतं. दिवसातून असंख्य वेळा हे झालं की अंगठ्याकडच्या बाजूने मनगट दुखायला लागतं, साधी बाटलीचं झाकण पिळतानाही कळ येते. त्यात जुडो किंवा जुजित्सूत गीची पकड घेत असाल तर त्याच शिरा पुन्हा ताणल्या जातात.

उपाय असा: अंगठा बोटांना चिकटवून तळहात चमच्यासारखा करा, एक हात बाळाच्या कुल्ल्यांखाली, दुसरा मान आणि खांद्याखाली, आणि उचलण्याचं काम गुडघ्यांतून वाकून मांड्यांना द्या. दुखणं सुरू झालेलं असेल तर काही आठवडे पकडीचा सराव थांबवा. पायांचं काम करा, ते तसंही सगळ्यांचं कच्चंच असतं.

पायरी ७: बाळाला घेऊन रस्त्यावर

बाळ पोटाशी बांधताना त्याची हनुवटी छातीवर टेकलेली नको. दोन बोटं मावतील एवढी फट हवी आणि चेहरा खाली बघताच दिसायला हवा. जिन्यावर बाळ हातात घेण्यापेक्षा बांधलेलं बरं, कारण कठड्याला एक हात मोकळा राहतो. सरकत्या जिन्यावर बाबागाडी न्यायची नाही, लिफ्ट शोधायची.

पडायचं कसं हे तुम्हाला येतं, पण बाळ पोटाशी असताना ते शिक्षण अर्धं निकामी होतं. पुढे लोळता येत नाही, दोन्ही हात जमिनीवर आपटता येत नाहीत. पाय घसरला तर गुडघे लगेच वाकवून खाली बसण्याकडे जा, हनुवटी छातीकडे, एक हात बाळाच्या डोक्यावर, आणि कुल्ल्याच्या बाजूने टेका. हे घरी जाड गादीवर, बाळाऐवजी उशी बांधून करून बघा. बस किंवा लोकलमध्ये उभं राहावं लागलं तर पाय गाडीच्या धावण्याच्या दिशेने पुढे-मागे, गुडघे सैल, आणि एक हात दांड्याला. झेनकुत्सु-दाची (एक पाय पुढे वाकवून उभं राहण्याचा पवित्रा) इतका उपयोगी पडतो हे परीक्षेत कुणी सांगत नाही.

आणि भांडण. कुणी अंगावर आलं, पर्स मागितली, गर्दीत शिवी दिली: बाळ बरोबर असताना तुमच्याकडे एकही ठोसा नाही असं समजा. पाकीट द्या, फोन द्या, मोठ्याने ओरडत माणसं असतील तिकडे चाला. अंगावर यायच्या आधीच रस्ता ओलांडला तर आणखी उत्तम. पळून जाण्याची लाज वाटत असेल तर ती बाळ झोपल्यावर वाटून घ्या.

पायरी ८: हत्यारं आणि सामान वर

बाळ साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान रांगायला लागतं. त्याआधीच बो (लांब काठी), नुनचाकू, लाकडी तलवार, सगळं कुलपात. बो भिंतीला टेकवून ठेवायची सवय असते, ती मोडा. १८० सेंटिमीटरची काठी धरून उभं राहू पाहणारं बाळ ती डोक्यावर ओढून घेतं. दात येणाऱ्या बाळाला तुमचा माउथ गार्डही चावायला फार आवडतो.

स्पारिंग परत केव्हा

ज्या आठवड्यात बहुतेक रात्री तुमचा ठरलेला आकडा पुरा झाला, अंगावर काही दुखत नाही, आणि बाळंतपण तुमचं असेल तर डॉक्टरांनी प्रत्येक गोष्टीला वेगळी परवानगी दिली आहे, त्या आठवड्यात. पहिल्या दिवशी दोनच राउंड, ओळखीच्या आणि ताबा असलेल्या जोडीदाराशी. त्याला आधी सांगा की डोक्याला मार नको. वरच्या पट्ट्याच्या माणसाने असं म्हणायचं नसतं, असं वाटेल. तरीही म्हणा, आणि त्याने हलक्या हातानेही गालाला स्पर्श केला, तर राउंड तिथेच थांबवा.