वेबफ्लक्स शिकताय? आधी अडलेला थ्रेड ओळखायला शिका

जावा आणि स्प्रिंग बूट येतं, असं धरून चालतो. वेबफ्लक्स म्हणजे स्प्रिंगचा असा वेब भाग, ज्यात उत्तराची वाट बघत थ्रेड अडवून ठेवायचा नसतो. प्रोजेक्टमध्ये वेब स्टार्टर काढून वेबफ्लक्स स्टार्टर टाका. दोन्ही ठेवलेत तर बूट नेहमीचा सर्व्हर टॉमकॅटच उचलतो. एकच उत्तर यायचं तिथे मोनो, अनेक यायची तिथे फ्लक्स. मॅप, फ्लॅटमॅप, फिल्टर, झिप एवढे ऑपरेटर (आलेल्या उत्तरावर पुढचं काम करणाऱ्या मेथड) सुरुवातीला पुरेत. ढीगभर ऑपरेटर पाठ करायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

खरी कसोटी पुढे आहे. टॉमकॅट मुळात 200 थ्रेडपर्यंत जातो. वेबफ्लक्सखालची नेटी (टॉमकॅटच्या जागचा सर्व्हर) साधारण कोअर तेवढेच थ्रेड ठेवते. चार कोअर असतील तर चार. त्यातला एक थ्रेड जेडीबीसीच्या (जावाच्या नेहमीच्या, थ्रेड अडवणाऱ्या डेटाबेस जोडणीच्या) क्वेरीवर दोन सेकंद थांबला, की त्याच्याकडची सगळी कनेक्शनं दोन सेकंद ताटकळतात. अशा चार क्वेरी चारही थ्रेडवर एकदम आल्या की सर्व्हर ठप्प. सीपीयू रिकामा, लॉगमध्ये एरर नाही, सगळ्या मेथड मोनोच परत करतायत. मी इथेच बराच काळ चाचपडलो, कारण एकट्याने तपासताना हे दिसतच नाही. लोड टाकल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

‘क्वेरी मोनो.जस्टमध्ये गुंडाळा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. कंसातली क्वेरी आधी त्याच थ्रेडवर चालते, मोनो नंतर तयार होतो. मोनो.फ्रॉमकॉलेबल घ्या आणि सबस्क्राइबऑनला शेड्युलर्स.बाउंडेडइलास्टिक द्या, म्हणजे क्वेरी नेटीऐवजी वेगळ्या थ्रेडवर चालेल. पब्लिशऑन इथे चालणार नाही. तो फक्त पुढच्या पायऱ्यांचा थ्रेड बदलतो, क्वेरी होती तिथेच राहते. हीसुद्धा मलमपट्टीच आहे. बाउंडेडइलास्टिकचे थ्रेड मुळात कोअरच्या दहापटीवर थांबतात, म्हणजे रांग फक्त दुसरीकडे सरकली. कायमचा इलाज म्हणजे डेटाबेससाठी आरटूडीबीसी आणि बाहेरच्या एपीआयसाठी वेबक्लायंट; दोन्ही थ्रेड न अडवता काम करतात.

अडणारे कॉल डोळ्यांनी शोधत बसू नका. टेस्टमध्ये ब्लॉकहाउंड लावा. नेटीच्या थ्रेडवर कुणी थांबलं की तो स्टॅकट्रेससकट अपवाद फेकतो. जेडीके 13 पासून त्याला एक जास्तीचा जेव्हीएम फ्लॅग लागतो. तो विसरून ‘ब्लॉकहाउंड चालत नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

बाकी टेस्ट स्टेपव्हेरिफायरने (मोनो-फ्लक्समधून काय येतं ते पायरीपायरीने तपासणाऱ्या साधनाने) लिहा.

आणि तुमचं काम जेडीबीसीवरच्या साध्या नोंदी वाचण्या-लिहिण्याचं असेल, तर जावा 21 चे व्हर्च्युअल थ्रेड घ्या, साधा कोड लिहा. वेबफ्लक्स लागतो तो सतत वाहणाऱ्या डेटासाठी, जिथे घेणाऱ्याला ‘जरा दमाने पाठव’ असं सांगता आलं पाहिजे.