मानवशास्त्राची पदवी आहे, पण नोकरी जुळत नाही? या चुका टाळा

आरोग्य आणि पोषणाच्या सर्वेक्षणांसाठी माणसं निवडायचं काम मी करते. मानवशास्त्राच्या मुलामुलींचे अर्ज येतात, तेव्हा बहुतेकांत एकच ओळ असते: ‘फील्डवर्क केले आहे.’ पाड्यावर राहून, घरोघर हिंडून जे कमावलं, ते सगळं या तीन शब्दांत गाडून टाकलेलं असतं. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे.

किती दिवस राहिलात, किती घरांची नोंद केली, किती वंशावळी काढल्या, मुलाखती कोणत्या भाषेत घेतल्या आणि त्या उतरवून त्यांचं वर्गीकरण कसं केलं, हे आकड्यांत लिहा. ‘एका वाडीत २१ दिवस, ६४ घरांची घरोघर नोंद, १४ वंशावळी, ३० मुलाखती’ एवढं वाचलं तरी समोरच्याला कळतं की हा उमेदवार पहिल्याच आठवड्यात घरी पळून येणार नाही.

त्या राहण्याचं मोल काय असतं? रायगड-ठाण्याकडची अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत वाडीवर गेलेल्या सर्वेक्षकाला कुलुपं दिसतात, नाहीतर मागे राहिलेली म्हातारी माणसं भेटतात. मुलं आईबापांबरोबर भट्टीवर असतात. कुपोषणाचा आकडा मग खोटाच कमी येतो. वाडीवर राहिलेला विद्यार्थी सांगतो, ‘आत्ता वाडीवर नको, भट्टीवर चला.’ मला असा माणूस हवा असतो, आणि तो अर्जातून ओळखूच येत नाही.

जैविक, म्हणजे शारीरिक मानवशास्त्राच्या शाखेतल्यांची चूक वेगळी. शरीराची मोजमापं प्रात्यक्षिकाच्या वहीपुरती शिकायची आणि सांख्यिकी परीक्षेपुरती. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून मोजतात, त्यापुढे उंची उभं करून. त्याच मुलाची दोन मापं साधारण ०.७ सेंटिमीटरने वेगळी येतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला, तर ते तीव्र कुपोषण. अशा कामात दोन-तीन मिलिमीटरची चूक एका मुलाला उपचाराच्या यादीतून बाहेर काढते. ज्याचा हात मापाला स्थिर आहे आणि ज्याला स्वतःची आकडेवारी संगणकावर तपासता येते, त्याला काम मिळायला फार वेळ लागत नाही. सांख्यिकी कच्ची असेल तर सुट्टीचे दोन महिने तिलाच द्या.

‘जाहिरातीच निघत नाहीत’ ही तक्रार मी नेहमी ऐकते. मुलं ‘मानवशास्त्रज्ञ’ हा शब्द शोधत बसतात. तो शब्द भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणात सापडेल. ही संस्था १९४५ सालची, मुख्यालय कोलकात्यात आणि एक प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरात. पण तिथल्या जागा मोजक्या, आणि शारीरिक की सांस्कृतिक, हा फरक जाहिरातीतच केलेला असतो. विशेषीकरण न पाहता अर्ज केला तर तो छाननीतच बाद होतो. बाकीचं काम संशोधन सहायक, क्षेत्र अन्वेषक, प्रकल्प अधिकारी अशा नावांनी निघतं. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, नाशिकचं आदिवासी विकास आयुक्तालय, वैद्यकीय संशोधन संस्था, संग्रहालयं यांच्या जाहिराती पाहा आणि पदनामाआधी पात्रतेचा रकाना वाचा.

वनहक्कांचं क्षेत्र तर आपली मुलं बघतही नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००६ च्या वनहक्क कायद्याचा १३ वा नियम उघडा. जंगलावरच्या हक्काच्या दाव्यासाठी चालणाऱ्या पुराव्यांत वंशावळ आहे, गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन आहे, रूढी-परंपरांचं दस्तऐवजीकरणही आहे, आणि तिथे मानववैज्ञानिक सर्वेक्षणाचं नाव उदाहरण म्हणून घातलेलं आहे. तुमच्या दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रमच जणू! गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात ग्रामसभांबरोबर दावे तयार करणाऱ्या संस्थांकडे जा आणि सांगा, की वंशावळ काढता येते. गोंडी, कोरकू किंवा भिली थोडीफार येत असेल तर अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. बहुतेकजण ते लिहीतच नाहीत, कारण घरची भाषा ही पात्रता असते असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता स्पर्धा परीक्षा. केंद्रीय नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेत लेखीच्या १७५० गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे, म्हणून मानवशास्त्राचा पदवीधर थेट तिकडे वळतो. तयारी जरूर करा. चूक होते ती चार-पाच वर्षं दुसरं काहीच न करण्यात. अर्जात ती वर्षं कोरी दिसतात आणि फील्डची सवयही मोडते. वर्षातून दोन-तीन महिने एखाद्या सर्वेक्षणावर काम करा. नेट परीक्षेत (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, तीही त्याच अभ्यासात देऊन टाका.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या आशेवर असाल तर एवढंच: हाडांचा एक पेपर त्यासाठी पुरत नाही, न्यायसहायक विज्ञानाचं स्वतंत्र शिक्षण घ्यावं लागतं.

शेवटची चूक मुलाखतीच्या खोलीत होते. कामाचा नमुना मागितला की मुलं फील्डची मूळ वही पुढे करतात. त्यात घरांची खरी नावं असतात, कुणाचं कर्ज, कुणाचं आजारपण, कुणाच्या दारूच्या गोष्टी असतात. वाडीवरच्या एखाद्या बाईने हे तुम्हाला विश्वासाने सांगितलेलं असतं. दोन-चार पानं वेगळी उतरवून काढा, नावं आणि वाडी बदला, आणि तीच घेऊन जा.