थॅलेसेमियाच्या स्लाइडवर नॉर्मोब्लास्ट बघताना या चुका टाळा

रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनचा आकडा तसाच रिपोर्टवर उतरवणं, ही चूक सगळ्यात महागात पडते. थॅलेसेमिया मेजरमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या जन्मजात आजाराच्या गंभीर प्रकारात, केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशी, म्हणजे नॉर्मोब्लास्ट, मॅरोतून (हाडाच्या मगजातून) रक्तात येतात आणि साधं थ्री-पार्ट काउंटर, म्हणजे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं मशीन, त्यांना पांढऱ्या पेशींत धरतं. किनवटकडचं एक लेकरू नांदेडला आलं, तेव्हा कागदावर पांढऱ्या पेशी ४८,००० होत्या. एका लॅबवाल्यानं स्लाइड न बघताच आईबापाला ‘ब्लड कॅन्सर असंल’ म्हणून सांगितलं होतं. माय रडून रडून थकली होती. स्लाइड लावली, तर शंभर पांढऱ्या पेशींमागे तीनशे नॉर्मोब्लास्ट. मशीनच्या आकड्याला १०० ने गुणायचं आणि १०० अधिक नॉर्मोब्लास्ट, म्हणजे इथं ४०० ने भागायचं. खरा आकडा १२,०००. एवढ्या हिशोबाचा कंटाळा करणाऱ्यानं लेकराच्या रिपोर्टवर सही करू नये.

नवीन पोरं नॉर्मोब्लास्टला लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) म्हणतात, त्यालाही कारण आहे. पुस्तकातल्या चित्रात पिकलेल्या नॉर्मोब्लास्टचा सायटोप्लाझम, म्हणजे केंद्रकाभोवतीचा भाग, गुलाबी असतो. थॅलेसेमियात हिमोग्लोबिन नीट भरत नाही, म्हणून तो तोकडा, फाटका, निळसर राहतो. रंगावर जाऊ नका. केंद्रक बघा: लहान, गोल, शाईच्या ठिपक्यासारखं गच्च काळं.

आता पाणी. आपल्याकडं बोअरचं पाणी जड आणि क्षाराचं. त्यात लिशमन (स्लाइड रंगवायचा स्टेन) पातळ केलं की सगळी स्लाइड निळी पडते, मग पेशी कोणत्या टप्प्यावर आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ६.८ पीएचचा बफरच, म्हणजे पीएच कायम ठेवणारं द्रावणच, वापरा. मी रोज पहिली स्लाइड निरोगी माणसाच्या रक्ताची रंगवते. तिच्यातल्या लाल पेशी गुलाबी आल्याशिवाय पेशंटच्या स्लाइडला हात लावत नाही. मे महिन्यात पंख्याखाली स्टेन वाळतो आणि त्याचे कण पेशींवर बसतात. त्याला स्टिपलिंग, म्हणजे लाल पेशीच्या आतले ठिपके, समजू नका.

तालुक्याहून एसटीनं दुसऱ्या दिवशी आलेल्या ईडीटीए (गोठू न देणारं रसायन) घातलेल्या रक्तावर केंद्रकाच्या आकाराबद्दल काही लिहू नका; शिळ्या रक्तात तो बिघडलेला असतो. स्लाइड तिथंच ओढून, वाळवून पाठवायला सांगा.

मॅरोत दोन केंद्रकांची एखादी पेशी दिसली की जन्मजात डिसएरिथ्रोपोएटिक अ‍ॅनिमिया (मॅरोत लाल पेशी नीट न घडण्याचा आजार) लिहायची घाई नको. त्याच्या टाइप २ मध्ये अशा पेशी साधारण दहा टक्क्यांच्या वर असतात. बी-१२ कमी असलं तरी केंद्रकं वेडीवाकडी होतात, आणि ती कमतरता कितीतरी जास्त वेळा सापडते. आधी ती तपासा.

एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायच्या तपासणीचा, नमुना रक्त चढवण्याआधीच काढा; नंतर त्यात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं.