पाळी आली म्हणून पोरगी संघाबाहेर बसू नये, यासाठी काय करायचं

गुहागर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी गेली १९ वर्षं मुलींची कबड्डी घेते. दर जूनमध्ये तीसेक मुली हौसेने नाव देतात आणि दहावीला पोचेपर्यंत त्यातल्या सात-आठ उरतात. अभ्यास, घरकाम, लांबचा रस्ता, ही कारणं मी पण देत आले. मग एका दिवाळीच्या सुट्टीत सरावाची हजेरी घेऊन बसले आणि नुसत्या गैरहजेरीच्या खुणा बघत गेले. सातवीनंतर खुणा गठ्ठ्याने पडलेल्या. चार दिवस, मग महिन्याने परत चार दिवस. पुढे चाराचा आठवडा झालेला, आणि त्यानंतर नावापुढे काहीच नाही.

हे लिहितेय ते शाळेतल्या आणि गावच्या मंडळांतल्या प्रशिक्षकांसाठी. त्यातही सरांसाठी जास्त, कारण आमच्या भागात मुलींचे बरेच संघ सरच शिकवतात आणि मुली सरांना "पोटात दुखतंय" याच्या पुढे काही सांगत नाहीत.

सुरुवात शब्दापासून

बाहेरची आहे, बाजूला बसलीय, कावळा शिवला, अडचण आहे, प्रॉब्लेम आहे. एवढे शब्द आहेत आपल्याकडे आणि मैदानावर "पाळी" एवढा एकच नाही. म्हणून सरावाच्या पहिल्याच दिवशी तो शब्द तुम्ही उच्चारा. मुलगेही समोर असू देत. मी असं सांगते: "गुडघा दुखला, ताप आला तर मला सांगता ना? पाळी आली तर सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. त्या दिवशी खेळायचं की बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. कोणी घरी पाठवणार नाही, कोणी जबरदस्तीने पळवणार पण नाही." पहिल्यांदा खिदळतात. खिदळू द्या, ओरडू नका. चौथ्या वेळेला तो शब्द पाण्याची बाटली म्हटल्यासारखा निघून जातो.

मुलांना ओळखीचं नाव दिलं की गोष्ट पटकन पोचते. मी मीराबाई चानूचं सांगते. पॅरिस ऑलिंपिक, २०२४, ४९ किलो वजनगट. तिने एकूण १९९ किलो उचलले, कांस्यपदक २०० किलोवर गेलं आणि ती चौथी आली. नंतर तिने मोकळेपणाने सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात थोडा अशक्तपणा होता. त्याच्या आधी २०१६ ला रिओमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिलेनंतर टीव्हीसमोर हेच म्हणाली होती की काल रात्रीच पाळी आली, म्हणून थकवा आहे. तिच्या देशातल्या कित्येकांना पाळीत पाण्यात उतरता येतं हेच तेव्हा कळलं. फक्त ही उदाहरणं देताना जपा, पाळी म्हणजे हार असा अर्थ पोरांच्या डोक्यात बसायला नको. आठवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "मग मॅडम, त्या तशा खेळल्या कशा?" त्या प्रश्नाला धरून पॅड, दुखणं, खाणं सगळं सांगता येतं.

घरी जाल तेव्हा आजीलाही बसवा

नुसत्या आईशी बोलून काम होत नाही. संध्याकाळी जा, पडवीत बसा, चहा घ्या आणि आजी आतून बाहेर येईपर्यंत विषय काढू नका. भीती तिचीच मोठी असते. उड्या मारल्या तर पोट सरकेल, पुढे मूल राहणार नाही. तिच्या काळात चार दिवस बाजूला बसणं ही बाईला मिळणारी एकुलती विश्रांती होती, हेही लक्षात ठेवा आणि तिला खोटं पाडायला जाऊ नका. मी सरळ सांगते की खेळण्याने गर्भाची पिशवी सरकत नाही. पोटात कळ येते कारण आतलं अस्तर बाहेर टाकायला पिशवीचा स्नायू आवळतो, आणि हलका व्यायाम केला तर बऱ्याच जणींची कळ कमीच होते. सगळ्या दिवसांचं मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे एका कटिंग चहापेक्षाही कमी. हा चहाचा हिशोब आज्यांना फार पटतो, कारण त्यांना बादलीभर वाटत असतं.

देवळासमोरचं मैदान

हा भाग आमच्या कोकणाचा, आणि सगळ्यात अवघड. सपाट जागा असते कुठे आपल्याकडे? उतार, जांभा आणि आंब्याची कलमं. उरते ती ग्रामदेवतेच्या देवळापुढची जागा. आमचा सराव तिथेच. शिमग्याला तिथे पालखी नाचते, पालखी ठेवायची सहाण कडेलाच. पाळीतली मुलगी देवळाच्या आवारात कशी येईल हे कोणी तोंडाने विचारत नव्हतं. मुलीच परस्पर पाणंदीतून घरी वळत होत्या.

पहिल्या वर्षी मी हा विषय गावबैठकीत काढला, भांडले, आणि मुलींचा सराव महिनाभर बंद पडला. चूक माझी होती. ज्यांना विचार करायला वेळ हवा होता, त्यांना मी चारचौघांत उत्तर मागितलं. दुसऱ्या वर्षी एका वयस्क मानकऱ्यांच्या घरी गेले, त्यांची नात संघात उजवा कोपरा खेळायची. ते काही बोलेनात. त्यांच्या मंडळी भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "पालखी नाचते ते दिवस सोड गो. बाकी वर्षभर तिथं गुरं चरतात, तेव्हा कोण इचारतं?" तिथून बोलणं झालं. पायरीपासून आत देऊळ, बाहेर मैदान. दुसऱ्या दिवशी आम्ही फक्कीने रेघ मारली आणि आजही दर सोमवारी ती रेघ आधी मारतो, मग अंतिम रेषा. देवळाच्या आतलं काही बदललेलं नाही. माझं मत विचाराल तर देवी बाई आहे, तिला यातलं सगळं कळतं. पण माझ्या मतासाठी मुलींचा सराव टांगून ठेवायला मी तयार नव्हते.

एक बारीक गोष्ट. सामन्याआधी नारळ वाढवताना खेळाडूंना पुढे बोलावतात. जिची पाळी असते ती दोन पावलं मागे सरते आणि अख्ख्या प्रेक्षकांना कळतं. आयोजकांना आधीच सांगा, नारळ पाहुण्यांनी वाढवावा, मुली रेषेवरच उभ्या राहतील.

खिळ्यावरची पिशवी

खेळाच्या खोलीत खिळ्याला एक कापडी पिशवी अडकवलेली आहे. आत दोन मापांचे पॅड, दोन गडद सायकलिंग शॉर्ट, एक निकर, साबणाची वडी, जुने वर्तमानपत्र, सेफ्टी पिना, शेकायची रबरी पिशवी आणि शेंगदाण्याची चिक्की. कोणी विचारायचं नाही, कोणी लिहून ठेवायचं नाही, लागेल ते घ्यायचं. जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड १ रुपयाला एक मिळतो, त्यामुळे खर्चाची सबब उरत नाही. पॅड आणायला मोठ्या दोघींना पाठवा आणि दुकानदाराने कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं तर "तसंच द्या" म्हणायला शिकवा. पहिल्यांदा दोघी घामाघूम होऊन आल्या होत्या.

कबड्डीत पॅड सरकतो, कारण पकडीत आपण मांडीवर, कुशीवर आदळतो. घट्ट निकर, तिच्यावर सायकलिंग शॉर्ट, मग गणवेश. पॅड सामन्याआधी पंधरा मिनिटं बदलायचा. मांड्या घासतात म्हणून मुली खोबरेल लावतात, ते चालेल, पण निकरला तेल लागलं तर पॅडचा गोंद धरत नाही. एरवी चार ते सहा तासांत पॅड बदलायचाच, कमी गेलं असलं तरी. मोठ्या मुलींना पाळीत आत बसवायच्या कपबद्दल माहिती द्या. उकळून वापरतात, आठ ते बारा तास चालतो, धावपळीला उत्तम. पण भरीला घालू नका, तो ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे.

पावसाचं वेगळं. शालेय स्पर्धांचा तालुकास्तर बहुतेक पावसातच येतो आणि आषाढ-श्रावणात आमच्याकडे जाड कापड तीन-तीन दिवस वाळत नाही. अजून कितीतरी घरांत कपडाच वापरतात, आणि तो पडवीत उघडा टाकायचा नाही म्हणून साडीच्या घडीखाली वाळत घालतात. एका मुलीच्या मांड्यांवर पुरळ बघून मी विचारलं, तेव्हा कळलं की ती रोज ओलसर कपडा घेऊन चढाया करत होती. कपडा वापरणं वाईट नाही, ओला वापरणं वाईट. उन्हाळ्यात सरळ उन्हात टाका. पावसात चुलीच्या उबेला सुकवून वरून गरम इस्त्री फिरवा, दोन्ही बाजूंनी. ते जमत नसेल तर निदान पावसाचे चार महिने पॅड.

गणवेश गडद घ्या. आमच्या एका दात्याने हौसेने पांढऱ्या शॉर्ट शिवून आणल्या होत्या. त्यांना मी नुसतं "नको" म्हटलं नाही, कारण सांगितलं. विंबल्डनसारख्या पांढऱ्यावर अडून बसलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून बायकांना आतून गडद शॉर्ट घालायला परवानगी दिली, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढरी शॉर्ट सोडून निळी घेतली. ते दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "नेव्ही ब्लू चालेल?"

तारखा कोणाच्या?

परदेशातले मोठे संघ खेळाडूंच्या पाळीच्या तारखा धरून सराव आखतात, असं वाचून मी खोलीत कॅलेंडर लावलं आणि लाल ठिपके द्यायला लागले. नावं नव्हती, आद्याक्षरं होती. एका मुलीच्या भावाने ते पाहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. ती मुलगी परत आली नाही. तिच्या घरी मी तीनदा गेले. आजही जून आला की ती आठवते. तेव्हा, तारखा मुलीने स्वतःच्या वहीत ठेवायच्या. तुम्ही सरावाला फक्त एवढं विचारा, "आज दहापैकी ताकद किती?" आणि मुलग्यांनाही तेच विचारा. चार म्हणाली तर पकडींऐवजी पायांचं काम, बोनसचा सराव, नाहीतर गुण लिहायला बसवा. कारण विचारू नका.

खाण्याचं मात्र जरूर विचारा. आमच्या मुली कोरा चहा आणि बटरवर तीन-चार किलोमीटर चालत येतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, तेव्हा आपल्या संघात तो नसेल असं धरून चालू नका. कुळीथ, नाचणी, सुकट, शेवग्याचा पाला, सगळं दारचंच आहे. वर लिंबू पिळा किंवा आवळा खा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तासभर थांबा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून टाकतात, ती समोर घ्यायला लावा, जेवणानंतर.

दुखण्याची गोळी तुम्ही देऊ नका. आई आणि डॉक्टर ठरवतील, आणि उपाशीपोटी कधीच नाही. गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती गोळी सामन्यासाठी मागणारे पालक मला भेटले आहेत. ती तर डॉक्टरने तपासल्याशिवाय अजिबात नाही. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, दर महिन्याला अंथरूण धरत असेल, किंवा तीन महिने पाळीच आली नसेल तर आधी दवाखाना. हे शेवटचं विशेष, कारण पाळी थांबली की मुली खूश होतात, सुटलो म्हणतात. खेळ भरपूर आणि पोटात अन्न कमी असेल तर शरीर पाळी थांबवतं, आणि त्यात हाडंही कमजोर होतात.

सामन्याच्या दिवशी

मुलींच्या सामन्यात १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं. रात्रीच्या स्पर्धेत संडास बहुतेक कुणाच्या तरी परड्यात. जाऊन यायला मोबाइलच्या उजेडात सहा मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. म्हणून स्पर्धेचं निमंत्रण आलं की होकारासोबत चार ओळी लिहून पाठवा: मैदानाजवळ कडी लागणारा संडास, भरलेली बादली, झाकणाचा डबा, दिवा. पहिल्या वर्षी दोन मंडळांनी केलं. आता न सांगता करतात, कारण बायका सामने बघायलाही जास्त येऊ लागल्या.

आणि डाग पडलाच तर? दोन वर्षांपूर्वी आमची चढाईपटू मध्यरेषेकडे परतत होती आणि प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी मारली. मी टाइम आउट मागितला. ३० सेकंद असतात. आम्ही हे आधी ठरवलेलं होतं, म्हणून सहाही जणी आपसूक तिच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या. बदली खेळाडू आत, ती बाहेर, पिशवीतली शॉर्ट. पंचांना मी स्पष्ट सांगितलं, "पाळी आहे, कपडे बदलून येते." ते सर मान हलवून म्हणाले, "येऊ दे." चार चढाया झाल्यावर ती परत आत गेली. तुमच्या संघाला हा गोल सरावात करून दाखवा, कोणी कुठे उभं राहायचं तेही.

परतीच्या एसटीत तिच्याशी त्या विषयावर बोलू नका, खेळाचं बोला. ती शॉर्ट मात्र तिला घरी नेऊ देऊ नका, तुम्हीच न्या. रात्रीच थंड पाण्यात मीठ टाकून भिजवा, सकाळी साबण लावा. गरम पाण्यात टाकली तर डाग धरून बसतो. वाळली की घडी करून परत खिळ्यावरच्या पिशवीत.