घरच्या सुतारकामासाठी राउटर निवडताना

धुऱ्यावरचं सागवान परवानगी काढून कापलं, गिरणीवरून फळ्या पाडून आणल्या, आता देव्हारा, चौरंग, पोरांसाठी तान्ह्या पोळ्याचा नंदी घरीच करायचा आहे, अशा माणसाने रंधा-पटाशीनंतर घ्यावं असं यंत्र म्हणजे राउटर, गरगर फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारं विजेचं मशीन. कडेला गोळाई, फळीत सरळ खाच, चौकटीला नक्षी, सारं यावर होतं. मात्र दुकानदार बहुतेक वेळा मोठं मशीन पुढे करतो, आणि खेड्यातल्या घराला ते क्वचितच लागतं.

आधी काम ठरवा. पाट, चौरंग, फोटोफ्रेम, सनमाइकाची कड यांना ५०० ते ७०० वॅटचा, एका हाताने धरायचा छोटा राउटर, म्हणजे ट्रिमर, पुरतो. दारं-खिडक्यांच्या चौकटी, जाड सागवानात खोल खाचा किंवा टेबलाखाली बसवून करायचं काम असेल, तरच १६०० वॅटच्या आसपासचा प्लंज राउटर बघा. त्याचं तोंड चालू असतानाच खाली दाबता येतं, म्हणून फळीच्या मधोमध खाच सुरू करता येते. ट्रिमर बहुधा कडेनेच लाकडात शिरतो.

मग घरातली लाइन बघा. १६०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर ओढतं. ते साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नये, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. अंगणात वायर ओढायची तर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, बारीक वायर तापते. ५५० वॅटच्या ट्रिमरला अडीच अँपिअरही लागत नाहीत. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर मोठा राउटर चालेल ही आशा नको. व्होल्टेज पडलं की मोटारीचा जोर कमी होतो, आणि अशा वेळी मशीन रेटलं की गुंडाळी जळते. ज्या गावात संध्याकाळी दिवे मंद होतात तिथे हे काम सकाळीच उरकावं. मोठं मशीन घ्यायचंच असेल तर सॉफ्ट स्टार्टवालं घ्या, सुरू होताना झटका बसत नाही.

कॉलेटचं माप पक्कं करा. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट हीच. कॉलेट म्हणजे बिटची, म्हणजे लाकूड कापणाऱ्या पात्याची, दांडी पकडणारी चिमटी. आपल्याकडे ६, ८ आणि १२ मिमी चालतात, शिवाय इंचातले पाव आणि अर्धा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि अर्धा म्हणजे १२.७. डोळ्याला फरक कळत नाही, पण पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ मिमीची दांडी घट्ट बसत नाही. मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वेगात ती सुटली तर पोटात, डोळ्यात कुठेही जाऊ शकते. म्हणून आधी तालुक्याच्या दुकानात कोणत्या दांडीचे बिट कायम मिळतात ते विचारा, मशीन त्या मापाचं घ्या. मोटारीतले झिजणारे कार्बन ब्रशही त्याच दुकानात मिळतात का ते बघा. दर वेळी कार्बनसाठी नागपूर गाठावं लागलं तर मशीन माळ्यावर जातं.

पैसे बिटसाठी राखून ठेवा. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार पटकन मारते. कार्बाइडच्या धारेचेच बिट घ्या. सुरुवातीला सरळ बिट, गोळाईचा आणि सनमाइकाची कड फळीशी सपाट करणारा बेअरिंगवाला फ्लश ट्रिम, एवढे तीन पुरे. वीस-पंचवीस बिटांची स्वस्त पेटी घेऊ नका. बिट जितका रुंद तितका वेग कमी हवा, म्हणून २५ मिमीपेक्षा मोठा बिट लावायचा विचार असेल तर वेग बदलता येणारं मशीनच घ्या.

दुकानात हातात घ्या. बिट लावून नट आवळा आणि बोटाने हलवून बघा, दांडी डुगडुगली तर ते मशीन सोडा. खोलीचा स्क्रू आवळल्यावर तळ सरकतो का, प्लंज दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो का, तेही तपासा. लाइन असेल तर रिकामं चालवून आवाज ऐका, खरखर नको. पक्कं बिल घ्या.

घरी आणल्यावर बिट बदलताना प्लग काढलेलाच असावा. दांडी कॉलेटच्या तळाला टेकवून दोन-तीन मिमी वर उचला, मग नट आवळा. फळी शिकंजाने बांधा, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, चष्मा आणि मास्क लावा. सागवानाची बारीक भुकटी छातीत जाऊ देऊ नका. १२ मिमी खोल खाच ट्रिमरने एका दमात मारू नये, तीन-तीन मिमीने चार वेळा उतरा. समोर ठेवलेल्या फळीच्या बाहेरच्या कडेने मशीन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, चौकटीच्या आतून मात्र घड्याळाच्या दिशेने. दिशा चुकली तर बिट लाकडावर पळतो आणि मशीन हातातून खेचलं जातं. लाकूड काळं पडायला लागलं तर हात फार हळू चाललाय, नाहीतर बिटची धार गेली आहे.