होस्ट एजन्सीसोबत ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझर होताय? या चुका टाळा

लोकांच्या सहली आखून बुक करून देण्याच्या या व्यवसायात उतरणारे बहुतेक जण होस्ट एजन्सीला, म्हणजे जिच्या मान्यतेखाली आपण स्वतंत्रपणे काम करणार त्या एजन्सीला, पहिला प्रश्न विचारतात तो टक्क्यांचा: कमिशनमधला माझा वाटा किती? प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नसावा. आधी दोन गोष्टी समजून घ्या. पैसे हातात येणार कधी? आणि उद्या होस्ट सोडली, तर ग्राहक कोणाचे? पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ याच दोन प्रश्नांत असतं.

व्यवहार असा चालतो. होस्ट एजन्सी तुम्हाला तिचा आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा क्लियाचा (क्रूझ कंपन्यांची संघटना) मान्यता क्रमांक वापरू देते. बुकिंग त्या क्रमांकावर नोंदवलं जातं. हॉटेल, क्रूझ कंपनी किंवा टूर ऑपरेटर कमिशन होस्टला देतो, आणि ती स्वतःचा वाटा ठेवून उरलेलं तुम्हाला देते. तुम्ही तिचे नोकर नसता. कर, जाहिरात, सुट्टीत बुडालेली कमाई, सगळं तुमच्याच अंगावर असतं.

नुसत्या टक्क्यांवर भाळणं

समजा, मोठ्या उलाढालीमुळे एका होस्टला क्रूझ कंपनी १६ टक्के कमिशन देते आणि त्यातले ७० टक्के तुमचे. दुसऱ्या होस्टला १० टक्केच मिळतात, पण ती तुम्हाला त्यातले ९० टक्के देऊ करते. शंभराच्या विक्रीवर पहिलीकडे तुमच्या हाती ११.२० येतात, दुसरीकडे ९. म्हणून होस्टला मूळ कमिशन किती मिळतं ते विचारा, आणि दरमहा फी किंवा सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे घेतात का, तेही.

शिवाय क्रूझच्या भाड्यातल्या काही रकमेवर कमिशन मिळतच नाही. बंदराचे कर त्यात येतात आणि भाड्याचा कंपनीने वेगळा काढलेला काही भागही. ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर हिशेब मांडलात, तर अंदाज दरवेळी चुकेल.

करारातलं ‘सोडून जाण्याचं’ कलम न वाचणं

नवखा माणूस सुरुवातीच्या उत्साहात सही करून मोकळा होतो. इथे मात्र थांबा. होस्ट सोडल्यावर आधी झालेल्या, पण प्रवास व्हायचा असलेल्या बुकिंगचं कमिशन तुम्हाला मिळणार का? पूर्ण मिळणार, की वाटा कमी होणार? ती बुकिंग्ज नव्या होस्टकडे हलवता येतील का? ग्राहकांची यादी कोणाच्या मालकीची? काही करारांत ठरावीक काळ त्या ग्राहकांशी संपर्क करायलाही बंदी असते. स्वतःच्या ओळखीतून आणलेले, वर्षानुवर्षं सांभाळलेले ग्राहक अशा एका कलमामुळे हातचे जाऊ शकतात. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, उत्तर लेखी घ्या. व्यावसायिक चुकांच्या विम्यात होस्टच्या पॉलिसीखाली तुम्ही येता की स्वतःची घ्यायची, हेही त्याच वेळी विचारा.

आणि जी संस्था प्रवास विकण्याऐवजी नवे सदस्य जोडण्यावर आणि स्वतःला स्वस्तात फिरण्याच्या ओळखपत्रावर भर देते, तिच्यापासून लांब राहा. अमेरिकेत आयाटान या प्रवास-व्यावसायिकांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं ओळखपत्र मिळवायला आठवड्याला किमान २० तास काम आणि वर्षाला किमान ५,००० डॉलरची कमाई दाखवावी लागते. प्रवेश फी भरली की सवलती हातात पडतात, असं ते नाही.

पहिल्याच वर्षी पगारासारखी कमाई धरणं

माझ्या मते चांगली माणसं या कामातून बाहेर पडतात ती सर्वाधिक याच कारणाने. आज ग्राहकाने दहा महिन्यांनंतरच्या सहलीचं बुकिंग केलं, तर हॉटेलचं कमिशन प्रवासी चेक-आउट करून गेल्यावर निघतं, तिथून होस्टकडे जातं, मग तुमच्याकडे येतं. क्रूझ कंपन्या बरेचदा ग्राहकाने शेवटचा हप्ता भरल्यावर देतात. आज केलेल्या कामाचे पैसे वर्षभराने दिसू शकतात. सहल रद्द झाली, तर मिळालेलं कमिशनही परत मागितलं जाऊ शकतं. २०२० मध्ये जगभरातल्या सल्लागारांनी हे सोसलं. घरखर्चाची दुसरी सोय असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

याच कारणाने नियोजन फी घ्यायला संकोचू नका. अमेरिकेत १९९५ मध्ये विमान कंपन्यांनी तिकिटाच्या कमिशनवर कमाल मर्यादा घातली आणि २००२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी मूळ कमिशन बंदच केलं. तेव्हापासून तिथे नुसतं तिकीट शोधून देणं म्हणजे बहुतेक वेळा फुकटचं काम. फी किती, कशासाठी आणि ती परत मिळणार नाही, हे पहिल्याच संभाषणात सांगा आणि लेखी पाठवा. तुमचा आराखडा घेऊन दुसरीकडे बुकिंग करणारे लोक इथेच गळून जातात.

ग्राहकाचे पैसे आणि कागद

सहलीचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका. ते ग्राहकाच्या कार्डावरून थेट पुरवठादाराकडे जाऊ द्या. कार्डाचा नंबर मेसेजवर मागवू नका. प्रवास विकायला तुमच्या भागात नोंदणी लागते का, ते पाहा. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात तसा कायदा आहे.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. ग्राहकाने टाइप करून पाठवलेल्या नावावर विश्वास ठेवू नका, पासपोर्टचं पान पाहा. मुदतही तपासा: युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (जिथे एकाच व्हिसावर फिरता येतं) पासपोर्ट तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला लागतो. प्रवास विमा नको म्हणणाऱ्याकडून नकार लेखी घ्या. वाद झालाच, तर तोच कागद कामी येतो.

कमिशन आलंच नाही तर?

आधी बुकिंगवर होस्टचाच क्रमांक आहे का ते पाहा. ग्राहकाने नंतर स्वतः हॉटेलच्या साइटवरून तारीख बदलली असेल, तर तुमचं बुकिंग रद्द होऊन नवं तयार झालेलं असू शकतं. क्रमांक बरोबर असेल, तर बुकिंग क्रमांक, मुक्कामाच्या तारखा आणि ग्राहकाकडून मागवलेलं हॉटेलचं अंतिम बिल जोडून होस्टच्या कमिशन विभागाला लिहा. थेट हॉटेलशी भांडू नका, कारण त्यांच्या वहीत देणं होस्टचं आहे. प्रत्येक बुकिंगसमोर परतीची तारीख, अपेक्षित रक्कम आणि ती येण्याचा महिना लिहून ठेवा आणि दर महिन्याला ती यादी होस्टच्या विवरणपत्राशी ताडून पाहा. जुन्या थकबाकीचा पाठपुरावा हॉटेलांकडे दिवसेंदिवस कठीण होत जातो, त्यामुळे ठरलेला महिना उलटला की त्याच आठवड्यात पत्र जाऊ द्या.